तोच सगळ्यात जास्त हसायचा: सातवीतल्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पिंपरी-चिंचवडच्या कडेला असलेल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतलं आहे. नावं सगळी बदललीत आणि दोन-चार बारीक तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केलेत म्हणजे कुणी ओळखू नये. मी तिथे समुपदेशक म्हणून आठवड्यातून दोनदा जाते, मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि माझी खोली म्हणजे लायब्ररीचा एक कोपरा, मध्ये कपाट आडवं लावलंय तेवढंच. पलीकडे कुणी पुस्तक बदलायला आलं की मूल बोलायचं थांबतं.

माधव सातवीत, वय १२. लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून जूनमध्ये इकडे आला, वडलांना कंपनीत काँट्रॅक्टवर काम मिळालं म्हणून. आई घरी शिवणकाम करते, सोबत आज्जी. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हा पोरगा वर्गाचा मॉनिटर होता, परिपाठाला बातम्या वाचायचा. हे मला फार उशिरा कळलं, कारण मी विचारलंच नव्हतं.

शाळा सुरू होऊन दुसरा आठवडा असेल. सरांनी विचारलं, लिहून झालं का रे? हा उभा राहिला आणि म्हणाला, "लिहायलालो की सर." वर्ग हसला, सरही हसले. मधल्या सुट्टीपर्यंत नाव पडलं होतं, लालो.

आई माझ्याकडे आली ती गणपतीनंतर, आणि तिची तक्रार चिडवण्याची नव्हतीच. ती म्हणाली, "मॅडम, लेकरू घरात बोलंनाच झालंय. आज्जीला तर लई तोडून बोलतंय." झालं असं की एक दिवस व्हॅन आली नाही म्हणून आज्जी न्यायला गेली आणि गेटवरून जोरात हाक मारली. घरी आल्यावर माधव तिला म्हणाला, परत शाळेपाशी येऊ नको, आलीस तर बोलू नको. त्यानंतर तो तिचा प्रत्येक शब्द सुधारायला लागला, पायजे नाही पाहिजे म्हण, लई नाही खूप म्हण. म्हातारी बिचारी हसून सोडून द्यायची, मग हळूहळू त्याच्याशी कमीच बोलायला लागली.

आणि पोटदुखी. मी हजेरीपट काढून बघितलं तर गैरहजेरी बहुतेक गुरुवारची, आणि गुरुवारी पीटीचे जोडून दोन तास असतात.

नेमकं काय चाललं होतं

मारहाण काहीच नाही, म्हणून कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. लालो ही हाक. त्याने एखादं वाक्य बोललं की मागून दोघं-तिघं तेच वाक्य त्याच सुरात म्हणणार. "ए लालो, बोलून दाखव ना" अशी फर्माईश. डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असली की त्यावर काहीतरी, मग तो डबा तसाच घरी न्यायला लागला आणि व्हॅनमध्ये उतरायच्या आधी संपवायचा. पीटीला टीम पाडताना शेवटपर्यंत उभा. सगळ्यात लागलं ते ऑगस्टमधलं, त्याने आईच्या फोनवरून एका मुलाला गृहपाठ विचारायला व्हॉइस मेसेज पाठवला होता, तो फिरत फिरत वर्गातल्या पोरांच्या ग्रुपवर गेला, खाली हसऱ्या तोंडांची रांग.

पुढे असायचा रोहन, पण तो एकटा नव्हता, पाच जणांचा घोळका होता आणि बाकीचा वर्ग प्रेक्षक.

आता गंमत अशी (गंमत म्हणवत नाही खरं तर) की माधव या सगळ्यात हसायचा. फर्माईश आली की बोलूनही दाखवायचा. वर्गशिक्षक मला म्हणाले, "मॅडम, तोच सगळ्यात जास्त हसतो, त्याला काही प्रॉब्लेम नाही, चांगला मिसळलाय तो." मी माधवला विचारलं तू का हसतोस तर म्हणाला, "हसलं की लवकर संपतं." त्या हसण्याचा हिशोब एवढाच होता. पण बाकी ४०-५० जणांना ते दिसायचं ते परवानगीसारखं.

नॉर्वेचे डॅन ओल्वेयस, ज्यांनी या विषयाचा अभ्यास सत्तरच्या दशकात सुरू केला, त्यांनी तीन खुणा सांगितल्यात: मुद्दाम त्रास देणं, पुन्हा पुन्हा देणं, आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसणं. मी हे सरांना सांगितलं तर ते म्हणाले, ताकद कसली, रोहन तर त्याच्यापेक्षा बुटका आहे. पण ताकद उंचीतच असते असं थोडंच आहे. एका बाजूला पाच पोरं, त्यांच्या मागे हसणारा वर्ग आणि ज्या भाषेला शाळेत शुद्ध म्हणतात ती भाषा. दुसऱ्या बाजूला जूनमध्ये आलेला एक मुलगा.

आधी काय काय करून झालं होतं

माधव माझ्यापर्यंत पोचला तोवर त्याला मोठ्या माणसांनी दोन सल्ले दिले होते आणि त्याने दोन्ही इमानदारीत करून बघितले होते. पोरं ऐकत नाहीत म्हणतो आपण, हा तर सगळ्यांचं ऐकत होता.

आई म्हणाली लक्ष देऊ नको. त्याने आठ दिवस लक्ष दिलं नाही, हसणंही बंद केलं. पोरांना मजा येईना म्हणून त्यांनी जोर वाढवला, वहीवर नाव लिहिलं, दप्तर लपवलं. दुर्लक्ष कधीतरी चालतंही, सुरुवातीलाच आणि एकट्यादुकट्याने चिडवलं तर, पण घोळका तयार झाल्यावर आणि त्यांना सवय लागल्यावर चिडवणं आधी वाढतं, आणि हे मुलाला कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे त्याला वाटतं आपल्याला दुर्लक्षही नीट जमलं नाही.

वडील म्हणाले एक ठेवून दे कानाखाली, पुन्हा नाव घेणार नाही. माधवने ठेवून दिली, पण रोहनच्या नाही. व्हॅनमध्ये तिसरीतला एक छोटा मुलगा होता, थोडा तोतरा बोलायचा, त्याच्या. आणि त्यालाही एक नाव ठेवलं. व्हॅनवाल्या काकांनी आईला सांगितलं, आईने मला सांगितलं, आणि मी ते वहीत "राग दुसरीकडे निघतोय" एवढं लिहून पुढे गेले. यावर मी शेवटी येते.

लाझारस आणि फोकमन यांनी १९८४ साली ताणाबद्दल जी मांडणी केली तिच्यात दोन प्रश्न येतात, माणूस मनातल्या मनात ते विचारत असतो: यात मला धोका आहे का, आणि असला तर माझ्या हातात काय आहे. एकच चिडवणं दोन पोरांना वेगळं का लागतं ते बऱ्याचदा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. माधवकडे त्याचं उत्तर दर पंधरवड्याला छोटं होत चाललं होतं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी प्रेमाने दिलेला सल्ला फसून.

माझी चूक

तिसरा सल्ला माझा. पहिल्या भेटीत मी नेहमीचं सगळं विचारलं, झोप, जेवण, स्वतःला इजा करायचे विचार येतात का (नव्हते), आईला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. मग ठरवलं की आत्मविश्वास वाढवायचा. ताठ उभं राहायचं, डोळ्यात बघून बोलायचं, ठाम आवाजात "मला हे आवडत नाही" म्हणायचं. आरशासमोर सराव, मी रोहन झाले, तो माधव झाला. दोन भेटी छान गेल्या, मी खूश.

तिसऱ्या भेटीत तो आला आणि खाली बघतच म्हणाला, "मॅडम, मी आता नीट बोलतोय ना? लई... खूप सराव केलाय. मग तरी का चिडवतात?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय शिकवत होते आणि त्याने काय ऐकलं होतं. त्याच्या लेखी या भेटी त्याचं बोलणं दुरुस्त करायला होत्या. आई म्हणते तू असं कर, पप्पा म्हणतात तू तसं कर, आता शाळेतल्या मॅडमपण तुला बोलावून तुलाच शिकवतायत, रोहनला कुणी बोलावलं नाही, म्हणजे बिघाड कुणात आहे हे उघड आहे ना. १२ वर्षाच्या पोराने काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर होता, आम्ही दिलेली माहिती चुकीची होती.

अमेरिकेत सँड्रा ग्रॅहम आणि याना युव्होनेन यांनी १९९८ मध्ये सहावी-सातवीच्याच मुलांवर केलेला अभ्यास मी कधीतरी वाचला होता, तो त्या रात्री आठवला. "मी त्या वेळी तिथे गेलो म्हणून झालं" असं म्हणणारं मूल आणि "मी असाच आहे म्हणून होतं" असं म्हणणारं मूल यांत मोठा फरक आहे. पहिलं उद्या दुसऱ्या वाटेने जाऊ शकतं. दुसऱ्याला जायला जागाच नाही, कारण स्वतःपासून कुठे जाणार, आणि एकटेपणा, काळजी, स्वतःबद्दल वाईट वाटणं हे या दुसऱ्या उत्तराशी जास्त जोडलेलं सापडलं. माधव दुसऱ्या उत्तरावर पोचला होता आणि मी त्याला तिथपर्यंत थोडा धक्काच दिला होता. आज्जीचं बोलणं सुधारणंही मग समजलं. तो जे काढून टाकायला बघत होता ते घरात रोज मोठ्याने बोलत होतं.

कोणते पर्याय होते

मुख्याध्यापकांचं पहिलं मत तुकडी बदलू. ब तुकडी शांत आहे, उद्याच करू, सही देतो. आईलाही पटलं होतं. मी अडवलं आणि माझ्याकडे कारण होतं. फिनलंडमधल्या संशोधकांना एक उलटं वाटणारं चित्र दिसलंय, ज्या वर्गात त्रास एकंदर कमी असतो तिथे जे एखाददुसरं मूल त्रास सोसत राहतं त्याची अवस्था जास्त वाईट असू शकते, कारण आजूबाजूला सगळं ठीक असताना त्याला एकच उत्तर सुचतं, मीच. ब तुकडीत गेल्यावर तिथे एकानेही लालो म्हटलं असतं (आणि म्हटलंच असतं, मैदान एकच आहे) तर माधवच्या हिशोबाने खटला निकाली. शिवाय हलायचं त्यानेच का.

दुसरा पर्याय, पाचही मुलांच्या पालकांना बोलावून समज देणं. वडलांना हेच हवं होतं आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, कुणालातरी जाब विचारला पाहिजेच. पण या शाळेत पालकांना बोलावणं म्हणजे घरी मार, आणि मार खाल्लेली पाच पोरं दुसऱ्या दिवशी त्याच बाकांवर. आम्ही हे रद्द नाही केलं, राखून ठेवलं. मारहाण, धमकी, पैसे मागणं, अंगाला हात लावणं यातलं काहीही असतं तर मी एक मिनिट थांबले नसते, हे स्पष्ट लिहिते, कारण पुढे जी पद्धत वापरली ती सगळीकडे वापरायची नाही.

तिसरा पर्याय स्वीडनच्या अनातोल पिकास यांच्या पद्धतीसारखा, घोळक्यातल्या एकेकाला वेगळं बोलवायचं, आरोप न करता, माधवचं काही ठीक चाललेलं नाही, तुला काय दिसतंय, तू काय करू शकशील एवढंच विचारायचं. वेळखाऊ. सर म्हणाले हे म्हणजे लाडच झाले.

आणि चौथी गोष्ट जी पर्याय म्हणून कुणी मांडलीच नाही, कारण मांडायची कुणी: सर स्वतः त्याला लालो म्हणायचे. हजेरी घेताना, प्रेमाने.

काय केलं

सरांशी बोलायला मला दोन आठवडे लागले. धीरच होईना, मी आठवड्यातून दोन दिवस येणारी बाई, ते १८ वर्षं तिथे. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मुलाच्या मानसिक छळालाही मनाई करतं, ते काढून दाखवता आलं असतं, पण मग संवाद तिथेच संपला असता. शेवटी चहाच्या वेळी मी एवढंच म्हटलं की सर, पोरं म्हणतात सरपण म्हणतात. ते जरा वेळ गप्प बसले. मग सांगायला लागले की ते चंद्रपूरकडचे, डी.एड.ला पुण्यात आले तेव्हा हॉस्टेलवर त्यांच्या बोलण्यावरून वर्षभर टिंगल झाली होती. "आम्हीपण सहन केलंच ना मॅडम, घडलोच त्यातून." मी काही बोलले नाही. पुढच्या सोमवारपासून हजेरीत माधव हे नाव आलं. त्यांनी ते कुणालाही सांगून केलं नाही, नुसतं केलं, आणि माझ्या मते या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

मग पाच मुलं, एकेक करून. रोहन म्हणाला, "पण मॅडम तोच हसतो ना." मला वाटतं यात निम्मं खरं होतं आणि निम्मी पळवाट. मी विचारलं, तो कधी हसला नाही असं झालंय का? त्याला ते दुर्लक्षाचे आठ दिवस आठवले. "तेव्हा आम्ही जास्त केलं," असं त्याच्याच तोंडून आलं आणि तो ओशाळला. पाचांपैकी दोघं पहिल्या बोलण्यातच बाजूला झाले, त्यांना बहुधा कारणच हवं होतं. एक शेवटपर्यंत हो मॅडम, हो मॅडम म्हणत राहिला आणि काही बदलला नाही.

वर्गासाठी मी भाषण दिलं नाही. चिठ्ठ्या घेतल्या, नाव न लिहिता दोन प्रश्न: वर्गात कुणाच्या बोलण्याची नक्कल होते ते तुला कसं वाटतं, आणि बाकीच्यांना कसं वाटत असेल. बहुतेकांनी पहिल्याला लिहिलं "आवडत नाही" किंवा "वाईट वाटतं", आणि दुसऱ्याला लिहिलं "मजा येते". प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच. हे मी फळ्यावर नुसतं मांडलं, माधवचं नाव न घेता, आणि वर्ग एकदम शांत झाला. कॅनडात शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये आला होता, त्यात मुलं मध्ये पडली ती १९ टक्के प्रसंगांत, पण पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांत प्रकार थांबला. दहा सेकंद हा आकडा मी मुलांना सांगितला, त्यांना तो आवडला, नंतर काही दिवस पोरं खरंच एक-दोन-तीन मोजायची.

माधवबरोबरचा आरशाचा सराव बंद केला. त्याऐवजी आम्ही वर्गाची यादी केली, सहावीत कुणाला काय म्हणायचे. हा चष्म्यावरून, तो जाड म्हणून, एक जण बापाच्या रिक्षावरून. ती माहिती आणायला त्याला साहिलशी बोलावं लागलं, शांत मुलगा, जुना. यादी बघून माधव बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे मी नसतो आलो तर दुसरा कुणीतरी असता." हो रे बाबा. साहिलला सरांनी त्याच्या बाकावर बसवलं, ते मी सुचवलं होतं. एक घट्ट मित्र असला तर त्रासाचा परिणाम कमी होतो हे १९९९ च्या अभ्यासापासून सांगितलं जातं, आणि इथे तरी डबा व्हॅनमध्ये खायचं त्यानेच थांबलं.

मग काय झालं

दिवाळीनंतर गुरुवारच्या दांड्या थांबल्या. लालो हाक कमी झाली, पण संपली म्हणणार नाही, जानेवारीत गॅदरिंगला हा निवेदनाला उभा राहिला तेव्हा मागून एकदा आलीच. तो अडखळला, आणि पुढचं वाक्य वाचलं. हसला नाही. मी बाजूला उभी होते, मला ते न हसणं निवेदनापेक्षा मोठं वाटलं.

घरी आज्जीशी पूर्वीसारखं बोलतो असं आई सांगते. शाळेत मात्र त्याच्या तोंडून लातूरचा एक शब्द येत नाही, एकदम स्वच्छ, वर्तमानपत्रासारखं. हे यश धरायचं की नाही मला ठरवता येत नाही. वडलांचं मत अजून तेच, पहिल्याच दिवशी ठेवून दिली असती तर एवढं झालंच नसतं.

आता करायचं झालं तर

पहिल्या भेटीत "तुला काय वाटतं, तुलाच का?" हा एक प्रश्न विचारेन, बाकी काहीही शिकवायच्या आधी. तीन आठवडे वाचले असते. आणि गावाकडे तू कोण होतास हेही तेव्हाच. मॉनिटर होता हे मला डिसेंबरात कळलं, निवेदन त्यातूनच सुचलं.

मुलाला एकट्याला बोलवायच्या आधी निदान एकदा मोठ्या माणसाशी बोलून ठेवेन, म्हणजे मुलाला दिसेल की बदलायचं काम फक्त त्याला दिलेलं नाही. व्हॉइस मेसेजचं आम्ही काहीच केलं नाही, शाळा म्हणाली फोन घरचे आहेत, आमचा संबंध नाही, आणि मी ते ऐकून घेतलं. तो मेसेज अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये असेल.

आणि व्हॅनमधला तिसरीतला मुलगा. जानेवारीत व्हॅनवाले काका भेटले तेव्हा सहज विचारलं तर म्हणाले, त्याच्या आईने दिवाळीतच व्हॅन बदलली, पोरगं बसायलाच तयार नव्हतं. माधवने त्याला आणखी किती वेळा मारलं, काय म्हटलं, त्याचं बोलणं आता कसं आहे, मी विचारलेलं नाही. माझ्या वहीत त्याच्याबद्दल ती एकच ओळ आहे, आणि तीही माधवच्या पानावर.